सात नव्या पैशांचा अंक : वर्तमानपत्रातली जाहिरात नेमकं काय करते?

१९६०-६१च्या सुमारास पुण्याच्या 'सकाळ'चा रोजचा अंक सात नव्या पैशांना मिळायचा. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार पानं. रविवारचा अंक दहा पानी आणि त्याची किंमत बारा नवे पैसे. रोजचा खप ५२,००० आणि रविवारचा ५६,०००, असा वर्तमानपत्राचा दावा होता. अंकातली सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींनी व्यापलेली असायची.

ही माहिती कुठल्या आठवणींच्या पुस्तकात नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. २५ सप्टेंबर १९६१ला लागलेला 'सकाळ पेपर्स विरुद्ध भारत सरकार' हा निकाल. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो कलम १९(१)(अ)च्या यादीतला एक खटला म्हणून माहीत असतो. मी मात्र आज तो वेगळ्या कारणासाठी उघडतोय. वर्तमानपत्रात जाहिरात कशी काम करते, हे इतक्या स्वच्छ आकड्यांत दाखवणारा दस्तऐवज मराठी वर्तमानपत्रांच्या इतिहासात सहज सापडत नाही. शिवाय संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांनी हे एकदा बघावंच, की आपल्याला हवा असलेला पुरावा बऱ्याचदा भलत्याच कपाटात ठेवलेला असतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ.

आपण दुकानातून साबण घेतो तेव्हा साबण बनवण्याचा खर्च आणि नफा आपणच देतो. वर्तमानपत्राचं तसं नाही. एकच अंक दोन गिऱ्हाइकांना विकला जातो. वाचकाला बातम्या विकल्या जातात आणि जाहिरातदाराला वाचकाचं लक्ष विकलं जातं. अर्थशास्त्रात याला 'दुहेरी बाजारपेठ' म्हणतात. जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल यांच्या २००३च्या निबंधानंतर हा शब्द रूढ झाला, पण व्यवहार त्याच्या कितीतरी आधीचा आहे. आता यातली खरी गोम बघा. जाहिरातदार जागा विकत घेतो, पण दर ठरतो खपावर. तोच स्तंभ, तेवढीच उंची, पण ५,००० खपाच्या पत्रात एक दर आणि ५०,००० खपाच्या पत्रात दुसरा. म्हणून खप खरा किती, यावर दोघांचाही विश्वास बसेल असा तिऱ्हाईत लागतो. आपल्याकडे १९४८ साली ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स स्थापन झाला तो यासाठी. खपाचं प्रमाणपत्र म्हणजे वाचकसंख्येचा अभिमान मिरवण्याचा कागद नव्हे, ती जाहिरातदाराला दाखवायची वजनाची पावती आहे.

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं, त्यामुळे मला यात लगेच फीडबॅक लूप दिसतो. खप वाढला की जाहिरातीचा दर वाढतो. उत्पन्न वाढलं की पानं वाढवता येतात, बातमीदार वाढवता येतात किंवा किंमत खाली ठेवता येते. त्यामुळे खप आणखी वाढतो. हे चक्र उलटंही फिरतं. खप घसरला, जाहिराती गेल्या, पानं कमी झाली, आणखी वाचक गेले. स्वीडनच्या लार्स फुरहॉफ यांनी १९७३ साली याला 'खपाचं सर्पिल' अशा अर्थाचं नाव दिलं. एका शहरात दोन वर्तमानपत्रं असतील तर दुसऱ्या क्रमांकाचं पत्र वाईट नसूनही का बुडतं, हे त्यातून कळतं. सुरुवातीचा फरक छोटा असतो, चक्र तो मोठा करत जातं. विज्ञानवाल्यांना हे नवीन नाही, धन फीडबॅक असलेली कोणतीही व्यवस्था मधोमध स्थिर राहत नाही.

या चक्राचा शोध कुणा एकाने लावला नाही. भारतातलं पहिलं छापील वर्तमानपत्र जेम्स ऑगस्टस हिकीने २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात काढलं, त्याच्या नावातच 'जनरल अ‍ॅडव्हर्टायझर' हे शब्द होते. म्हणजे जाहिरात हा आपल्याकडच्या पत्रकारितेत नंतर शिरलेला पाहुणा नाही, ती पहिल्या दिवसापासून घरातच आहे. पण चक्र पूर्ण वेगात फिरलं ते १८३०च्या दशकात. न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डेने ३ सप्टेंबर १८३३ रोजी 'सन' एका सेंटला विकायला काढला, तेव्हा इतर पत्रं सहा सेंटना मिळत. पॅरिसमध्ये एमिल द जिरार्दँने १८३६ साली 'ला प्रेस'ची वार्षिक वर्गणी प्रचलित ८० फ्रँकच्या निम्मी, म्हणजे ४० फ्रँक ठेवली. दोघांचा हिशोब एकच होता, वाचकाकडून सोडलेले पैसे जाहिरातदाराकडून वसूल करायचे.

इंग्लंडमध्ये मात्र सरकार मध्ये उभं होतं. १७१२पासून तिथे प्रत्येक जाहिरातीवर कर होता, सुरुवातीला एक शिलिंग, १८१५ साली साडेतीन शिलिंग. १८३३ला तो दीड शिलिंगावर आला आणि १८५३ला रद्द झाला. छोट्या माणसाने 'घोडा हरवला आहे' एवढं छापायचं तरी सरकारला तेवढेच पैसे, आणि मोठ्या व्यापाऱ्याच्या लांबलचक जाहिरातीलाही तेवढेच. इतिहासकारांचा मात्र या कराने फायदा झाला. कर वसूल करायचा तर मोजणी आली, मोजणी आली की तक्ते आले. त्या तक्त्यांवरून कोणत्या पत्रात किती जाहिराती होत्या याचा अंदाज बांधता येतो. संशोधनाची दिशा शोधणाऱ्यांनी ही युक्ती लक्षात ठेवावी. जिथे सरकारने कर लावला, परवाना मागितला किंवा खटला चालवला, तिथे आकडे सापडतात.

आता परत पुण्याकडे.

स्वातंत्र्यानंतर न्या. जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला प्रेस आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १९५४ साली आला. आयोगाला हेच चक्र दिसलं होतं. मोठ्या शहरातलं, भरपूर जाहिराती असलेलं पत्र त्याच किमतीत जास्त पानं देऊ शकतं. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या पत्राने त्याच्याशी स्पर्धा कशी करायची? आयोगाने उपाय सुचवला तो असा, की किंमत आणि पानं यांची सांगड घालावी. अमुक किमतीला जास्तीत जास्त इतकीच पानं. म्हणजे जाहिरातीच्या जोरावर स्वस्तात जाड अंक देता येणार नाही. त्यावरून १९५६चा वर्तमानपत्र (किंमत आणि पृष्ठ) कायदा झाला आणि १९६० साली दैनिकांसाठीचा आदेश निघाला. आपला हेतू कायद्यानेच लिहून ठेवला होता. कमी साधनांच्या आणि भारतीय भाषांमधल्या वर्तमानपत्रांना अभिव्यक्तीची अधिक संधी मिळावी. जाहिरातींना किती जागा द्यायची हे ठरवण्याचा अधिकारही सरकारला दिला होता.

आणि या कायद्याविरुद्ध न्यायालयात कोण गेलं? एक भारतीय भाषेतलं वर्तमानपत्र! डॉ. ना. भि. तथा नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ला सुरू केलेला 'सकाळ'. ज्याच्यासाठी छत्री आणली तोच म्हणतोय की या छत्रीने मी गुदमरतोय. इथे खरा संशोधनाचा प्रश्न जन्माला येतो. आयोगाचं निदान चुकलं होतं, की औषध? की पेशंट निवडण्यातच गफलत झाली?

थोडं गणित करून बघू. कागद-पेन घ्या, मोबाइलचा कॅल्क्युलेटरही चालेल.

रविवार सोडून सहा दिवसांची पानं होतात ५ × ६ + ४ = ३४. आदेशानुसार सात नव्या पैशांत सहा दिवसांत मिळून २४ पानंच देता येणार होती. ३४ पानं तशीच ठेवायची तर किंमत आठ नवे पैसे करणं भाग. झाले दोनच रस्ते.

पहिला रस्ता, पानं कमी करणं. ४० टक्के हे प्रमाण सरसकट धरलं तर ३४ पानांत जाहिराती १३.६ पानं आणि मजकूर २०.४ पानं. २४ पानांवर आल्यावर तेच प्रमाण ठेवलं तर जाहिराती ९.६ आणि मजकूर १४.४. म्हणजे जाहिरातीची विकण्याजोगी जागा जवळपास ३० टक्क्यांनी घटली. बरं, उत्पन्न टिकवायचं म्हणून जाहिराती १३.६ पानांवरच ठेवल्या, तर मजकुराला उरतात १०.४ पानं. आधीच्या जेमतेम निम्मी. वाचक किंमत तेवढीच देतोय, पण बातम्या, अग्रलेख, पत्रव्यवहार, स्थानिक वृत्त सगळं मिळून अर्धं.

दुसरा रस्ता, किंमत वाढवणं. एक नवा पैसा म्हणजे आज आपल्याला हसू येईल. पण तो सातावर एक आहे, म्हणजे १४ टक्क्यांहून जास्त. ५२,००० प्रती सातप्रमाणे म्हणजे दिवसाला ३,६४० रुपये (विक्रेत्यांचं कमिशन वजा न करता). आठ नव्या पैशांना तेवढीच रक्कम ४५,५०० प्रतींत जमते. म्हणजे विक्रीच्या उत्पन्नापुरतं बघितलं तर ६,५०० वाचक गेले तरी हिशोब जुळतो. वरवर बघणारा म्हणेल, मग झालं की! तक्रार कसली? पण जाहिरातदार ४५,५०० खपाला ५२,०००चा दर देणार नाही. प्रती कमी छापल्या की कागद वाचतो हे खरं, पण बातमीदार, खिळे जुळवणारे, तारेचा खर्च, जागेचं भाडं यांतलं काहीच खपाच्या प्रमाणात कमी होत नाही. ६,५०० वाचक जाण्याच्या बरंच आधी पत्र तोट्यात जाऊ शकतं. आणि एकदा चक्र उलटं फिरायला लागलं की ते आपोआप थांबत नाही, हे वर आपण बघितलंच.

घटनापीठाने नेमका हाच धागा पकडला. निकाल लिहिला न्या. ज. र. मुधोळकर यांनी. सरकारचा युक्तिवाद असा होता की आम्ही विचारांवर बंधन घालत नाही, फक्त धंद्याच्या बाजूचं नियमन करतोय, आणि धंद्यावर सार्वजनिक हितासाठी वाजवी बंधनं घालता येतात. न्यायालयाने विचारलं की खप कमी झाला तर विचार कमी लोकांपर्यंत पोचतील की नाही? अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात काय म्हणायचं हे जसं येतं, तसंच किती लोकांपर्यंत म्हणायचं हेही येतं. जाहिरातीची जागा कापली की उत्पन्न घटतं, मग किंमत वाढवावी लागते आणि त्याने खप घटतो. त्यामुळे जाहिरातीवरचं बंधन थेट अभिव्यक्तीवर येऊन पडतं. आणि कलम १९(२)मध्ये अभिव्यक्तीवर बंधन घालण्याची जी कारणं दिली आहेत त्यांत 'सार्वजनिक हित' हे मोघम कारण नाही. कायद्याचं कलम ३(१) आणि त्याखालचा आदेश रद्द झाले.

'सकाळ'च्या याचिकेबरोबर आणखी दोन याचिका होत्या, त्या वाचकांच्या. दुहेरी बाजारपेठेतली एक बाजू न्यायालयात स्वतःहून आली होती. जाहिरातदार मात्र कुणी आले नव्हते. त्यांना यायची गरजही नव्हती म्हणा, त्यांचे पैसे दुसऱ्या पत्रात गेले असते.

माझं मत विचाराल तर न्यायालयाचा निकाल बरोबर होता आणि आयोगाचं निदानही बरोबर होतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.  पत्र किती पानांचं असावं हे ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला, तर नको असलेल्या पत्राचा गळा आवळायला सेन्सॉर लागणारच नाही, नुसता तक्ता बदलला की काम झालं. पण सरकारला दूर ठेवल्याने स्पर्धा समान होत नाही. १९९०च्या दशकात दिल्लीत 'टाइम्स ऑफ इंडिया'ने किंमत खाली आणून जे दरयुद्ध सुरू केलं, ते आयोगाने चाळीस वर्षांपूर्वी वर्णन केलेल्या चक्रासारखंच होतं. आज अंकाची किंमत आणि महिन्याची रद्दी यांचा हिशोब घरात आई-काकू करतात, तेव्हा त्या नकळत याच अर्थशास्त्रावर बोट ठेवत असतात.

हा वाद १९६१ला मिटला नाही. १९७२ साली 'बेनेट कोलमन' खटल्यात न्यूजप्रिंटच्या टंचाईचं कारण देऊन घातलेली दहा पानांची मर्यादा चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द झाली. बहुमत 'सकाळ'च्याच वाटेने गेलं. विरोधी मत न्या. के. के. मॅथ्यू यांचं. ज्यांना शोधनिबंधासाठी विषय हवा आहे त्यांनी ते जरूर वाचावं. त्यांचा रोख असा, की अभिव्यक्ती स्वातंत्र्य फक्त पत्राच्या मालकाचं नसतं, अनेक आवाज ऐकण्याचा समाजाचाही त्यात वाटा असतो, आणि टंचाईच्या मालाचं वाटप करताना सरकारने छोट्यांचा विचार केला तर त्यात गैर काय? राजाध्यक्ष आयोगाची काळजी इथे पुन्हा बोलते, पण अल्पमतात.

जाहिरात स्वतः अभिव्यक्ती आहे का, हा प्रश्न तर आणखीनच मागे राहिला होता. 'सकाळ'च्या निकालाच्या दोनच वर्षं आधी, १९५९च्या डिसेंबरात, 'हमदर्द दवाखाना' खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं होतं की निव्वळ व्यापारासाठीची जाहिरात ही अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या गाभ्यात येत नाही. तिथे विषय होता जादूई औषधांच्या जाहिराती रोखणाऱ्या १९५४च्या कायद्याचा. जुन्या मराठी मासिकांची शेवटची पानं ज्यांनी चाळली असतील त्यांना हा कायदा का लागला हे सांगायला नको! म्हणजे १९६१मध्ये स्थिती अशी होती, की जाहिरातीला स्वतःचं संरक्षण जवळपास नाही, पण ती बातमीचं बिल भरते म्हणून बातमीच्या सावलीत तिला संरक्षण. १९९५ साली 'टाटा प्रेस' खटल्यात न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं आणि व्यापारी जाहिरातही १९(१)(अ)मध्ये बसवली. कारणांमध्ये एक कारण आपल्या ओळखीचं होतं, माध्यमांचा बराचसा खर्च जाहिरात उचलते.

आता पद्धतीबद्दल थोडं, कारण 'मग यावर संशोधन कसं करायचं?' हा प्रश्न येणारच.

निकालपत्रातले आकडे वापरताना ते कुणी दिले हे आधी नोंदवा. ५२,००० हा खप याचिकाकर्त्याने सांगितलेला आहे. तो खोटा आहे असं मुळीच नाही, पण तो एका बाजूचा आहे. ४० टक्के ही सरासरी आहे, आणि सोमवार आणि रविवार यांत फरक असणारच. माझं वरचं गणितही या दोन आकड्यांवर उभं आहे, म्हणून ते दिशा दाखवतं, दमडीपर्यंतचा हिशोब देत नाही. पडताळायचं असेल तर प्रत्यक्ष अंक काढून पट्टीने मोजायचे. मोजमापाचं एकक स्तंभ-सेंटिमीटर, म्हणजे स्तंभाची रुंदी एक धरून उंची मोजायची. वर्षभराचे सगळे अंक मोजायची गरज नाही. 'रचलेला आठवडा' ही नमुना निवडण्याची पद्धत वापरता येते. वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून एक सोमवार, सगळ्या मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात दिवस चिठ्ठ्या टाकून निवडायचे. रिफ, ऑस्ट आणि लेसी यांनी १९९३ साली दाखवलं की एका वर्षासाठी असे दोन आठवडे पुरतात. सलग चौदा दिवस घेतले आणि त्यात दिवाळी आली तर जाहिरातींचं प्रमाण भलतंच फुगेल, हे वेगळं सांगायला नको.

मोजताना जाहिरातींचे प्रकार मात्र वेगळे ठेवा. चौकटीतली कंपनीची जाहिरात, सरकारी निविदा, वकिलांचं 'जाहीर प्रगटन', वधू-वर, 'दुःखद निधन', सिनेमाच्या थिएटरची यादी. यातलं प्रत्येक उत्पन्न वेगळ्या खिशातून येतं आणि प्रत्येकाबरोबर वेगळा दबाव येतो. निविदांवर जगणारं पत्र आणि छोट्या जाहिरातींवर जगणारं पत्र, दोघांची जाहिरात ४० टक्केच असली तरी एकाला एकच मोठा गिऱ्हाईक नाराज करून चालत नाही, दुसऱ्याकडे हजार छोटे असतात. छोट्या जाहिरातींकडे संपादकाचं आणि सेन्सॉरचंही लक्ष कमी असतं. २८ जून १९७५ला, आणीबाणी लागल्यावर दोनच दिवसांनी, मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त लोकशाहीच्या निधनाची बातमी छापून आली ती याच रकान्यातून, पैसे भरून.

आणि पहिलं पान बातमीचंच असतं असं गृहीत धरून कोडिंग शीट बनवू नका. लंडनच्या 'टाइम्स'ने पहिल्या पानावर बातम्या छापायला सुरुवात केली ती ३ मे १९६६ला. तोवर तिथे छोट्या जाहिराती असत. आपल्याकडे हल्ली सणासुदीला पहिलं पान उलटून, मग दुसरं उलटून बातमी शोधावी लागते, तेव्हा मोजणीच्या तक्त्यात 'पान १' आणि 'बातमीचं पहिलं पान' असे दोन वेगळे रकाने ठेवावे लागतात.